समजून घ्या : बाइक ‘ऑस्ट्रियन’, पण बनली चाकणला, मग सायलेन्सर बदलला तर नेमके काय बिघडते?

रविवारी सकाळी निगडीच्या भक्ती-शक्ती चौकात किंवा जुन्या मुंबई महामार्गावरच्या एखाद्या टपरीवर लोणावळ्याकडे निघालेल्या दुचाकीस्वारांचा घोळका चहाला थांबला, की दोन विषय हमखास निघतात. पहिला, कुणाची बाइक ‘खरी’ परदेशी आणि कुणाची ‘इथलीच’. दुसरा, कुणी कोणता सायलेन्सर बसवला आणि त्याचा आवाज कसा येतो. गंमत अशी, की केटीएम असो वा ट्रायम्फची ४०० सीसी, या वादातल्या बऱ्याच गाड्या त्याच परिसरात, चाकणमध्ये बनलेल्या असतात. आणि ‘कंपनीचा साधा’ म्हणून काढून टाकला जाणारा सायलेन्सर हा गाडीतल्या सर्वात जास्त तपासल्या गेलेल्या भागांपैकी एक असतो. गाडीचे मूळ कसे ओळखायचे, सायलेन्सर काय काम करतो आणि तो बदलल्यास कायदा काय म्हणतो, याचा हा आढावा.

चाकणमध्ये कोणकोणत्या बाइक बनतात?

पिंपरी-चिंचवड आणि परदेशी दुचाकी कंपन्यांचे नाते जुने आहे. बजाजने इटलीच्या पियाजिओच्या परवान्यावर स्कूटर बनवायला सुरुवात केली आणि आकुर्डीचा कारखाना उभा राहिला. तो करार संपल्यावर १९७२ मध्ये ‘चेतक’ हे स्वतःचे नाव आले. १९८०च्या दशकात जपानच्या कावासाकीशी हातमिळवणी झाली आणि केबी १००सारख्या मोटारसायकली रस्त्यावर आल्या. १९९९ मध्ये बजाजचा चाकण कारखाना सुरू झाला. २००१ मध्ये आलेल्या ‘पल्सर’ने त्याला ओळख दिली.

पुढचा टप्पा केटीएमचा. २००७ मध्ये बजाजने या ऑस्ट्रियन कंपनीत १४.५ टक्के हिस्सा घेतला. २०११ मध्ये चाकणमध्ये बनलेली १२५ ड्यूक युरोपात विक्रीला गेली, म्हणजे ही गाडी भारतीय ग्राहकाच्या आधी युरोपीय ग्राहकाने चालवली. जानेवारी २०१२ मध्ये २०० ड्यूक भारतात आली, २०१३ मध्ये ३९० ड्यूक. जानेवारी २०२३ मध्ये चाकणमधून दहा लाखावी केटीएम बाहेर पडली. मूळ स्वीडिश नाव असलेल्या हुस्कव्हार्नाच्या छोट्या मोटारसायकलीही इथेच बनतात.

ब्रिटनच्या ट्रायम्फशी बजाजचा औपचारिक करार जानेवारी २०२० मध्ये झाला. त्यातून बनलेली स्पीड ४०० जुलै २०२३ मध्ये भारतात दाखल झाली. आराखडा ब्रिटनमधील हिंकलीचा, उत्पादन चाकणचे. कावासाकीचाही चाकणमध्ये स्वतंत्र कारखाना आहे. पुणे जिल्ह्यातच, बारामतीच्या पियाजिओ कारखान्यात दोन सिलिंडरची अप्रिलिया आरएस ४५७ बनते.

हा प्रकार केवळ पुण्यापुरता नाही. बीएमडब्ल्यूची जी ३१० मालिका तामिळनाडूतील होसूरला टीव्हीएसने बनवली. हार्ले-डेव्हिडसनची एक्स ४४० राजस्थानातील नीमराणाला हीरो बनवते. रॉयल एनफिल्डचे नाव इंग्लंडमधील रेडिचचे, पण १९५५ पासून ही गाडी चेन्नईची आहे. दुसरीकडे, मोठ्या इंजिनाच्या अनेक ‘ब्रिटिश’ ट्रायम्फ थायलंडमधील चोनबुरीला बनतात.

मग या गाड्या भारतीय की परदेशी?

या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही, कारण ‘मूळ’ या शब्दात तीन वेगवेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात. आराखडा कुणी केला, सुटे भाग कुठून आले आणि जोडणी कुठे झाली.

३९० ड्यूकचेच उदाहरण घेता येईल. गाडीवरचे नाव आणि मूळ आराखडा ऑस्ट्रियातील माटिगहोफेनचा. ब्रेकवर ‘बायब्रे’ असे लिहिलेले असते. ते इटलीच्या ब्रेम्बोचे छोट्या गाड्यांसाठीचे नाव आहे आणि ब्रेम्बोचा कारखाना चाकणमध्ये आहे. सस्पेन्शनवर ‘डब्ल्यूपी’ हे केटीएमच्या घरातले नाव असते, पण भारतात ते बनवण्याचे काम मूळच्या छत्रपती संभाजीनगरच्या एन्ड्युरन्स कंपनीकडे आहे. जोडणी चाकणची. हीच गाडी चाकणहून जहाजाने युरोपात गेली की तिथला ग्राहक ती ‘केटीएम’ म्हणूनच विकत घेतो.

मालकीचे चित्रही आता उलटे झाले आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केटीएमने ऑस्ट्रियात दिवाळखोरीच्या प्रक्रियेसाठी अर्ज केला. मे २०२५ मध्ये बजाजने ८० कोटी युरोंच्या साहाय्याची योजना जाहीर केली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीचे नियंत्रण बजाजकडे आले. ज्या ऑस्ट्रियन कंपनीच्या गाड्या आकुर्डीची कंपनी बनवत होती, त्या कंपनीच्या निर्णयांची सूत्रेच आकुर्डीत आली. त्यामुळे ‘माझी ऑस्ट्रियन, तुझी देशी’ हा टपरीवरचा वाद निदान केटीएमच्या बाबतीत तरी निकाली निघाला आहे.

चासी क्रमांकावरून काय कळते?

प्रत्येक वाहनावर १७ अक्षरे आणि अंकांचा चासी क्रमांक कोरलेला असतो. तोच नोंदणी प्रमाणपत्रावर, म्हणजे आरसीवरही असतो. त्यातली पहिली तीन चिन्हे निर्मात्याची ओळख सांगतात. भारतीय निर्मात्यांचे क्रमांक साधारणपणे ‘एमए’ ते ‘एमई’ या जोड्यांनी सुरू होतात. ‘एमडी२’ म्हणजे बजाज ऑटो, ‘एमई३’ म्हणजे रॉयल एनफिल्ड. ‘व्हीबीके’ हा केटीएमचा ऑस्ट्रियन संकेत, ‘एसएमटी’ हा ट्रायम्फचा ब्रिटिश संकेत. जपानी निर्मात्यांचे क्रमांक ‘जे’ने सुरू होतात.

इथे एक बारकावा आहे. ही तीन चिन्हे निर्माता कंपनी सांगतात, कारखान्याचे गाव नव्हे. एका देशातील कंपनी दुसऱ्या देशातील कारखान्यात बनलेल्या गाडीला स्वतःचाच संकेत देऊ शकते. म्हणून नेमके उत्पादन कुठे झाले हे पाहायचे असेल, तर गाडीवर लावलेली निर्मात्याची माहितीपट्टी आणि खरेदीची कागदपत्रे पाहणे जास्त खात्रीचे. सेकंडहँड गाडी घेताना तर आरसीवरचा क्रमांक आणि हँडलखालच्या सांगाड्यावर कोरलेला क्रमांक जुळतो का, हे पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये.

गाडी कुठे बनली याने किमतीत फरक पडतो का?

पडतो, आणि बराच पडतो. पूर्ण तयार गाडी आयात केली तर सीमाशुल्क सर्वाधिक असते. सुटे भाग आणून इथे जोडले तर ते कमी होते. इथेच बनवली तर केवळ आयात केलेल्या भागांपुरताच प्रश्न उरतो. २०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात १६०० सीसीपर्यंतच्या तयार मोटारसायकलींवरचे शुल्क ५० वरून ४० टक्के, तर सुट्या भागांच्या संचावरचे १५ वरून १० टक्के करण्यात आले. स्पीड ४०० भारतात सव्वादोन लाखांच्या आसपास, म्हणजे २ लाख ३३ हजार रुपये एक्स-शोरूम किमतीत येऊ शकली, ती चाकणमध्ये बनल्यामुळेच.

जीएसटीची रेषा मात्र गाडी कुठे बनली हे पाहत नाही, इंजिन पाहते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर १८ टक्के, तर त्यावरच्या दुचाकींवर ४० टक्के कर लागू झाला. चाकणच्या ३९० आणि ४०० सीसीच्या गाड्या थोडक्यात या रेषेच्या वर आहेत.

सायलेन्सर नेमके काय करतो?

‘आवाज कमी करतो’ हे उत्तर बरोबर आहे, पण अपुरे. आजच्या सायलेन्सरला तीन कामे एकदम करावी लागतात : आवाज दाबणे, धूर शुद्ध करणे आणि इंजिनाला मोकळा श्वास घेऊ देणे.

एका सिलिंडरचे चार स्ट्रोकचे इंजिन दर दोन फेऱ्यांना एकदा जळलेला वायू बाहेर फेकते. मिनिटाला ६ हजार फेऱ्या असतील तर सेकंदाला ५० वेळा. प्रत्येक वेळी दाबाची एक लाट नळीतून धावते. ती थेट हवेत गेली तर बंदुकीच्या बारासारखी वाजते. सायलेन्सरच्या पोटात कप्पे, भोके असलेल्या नळ्या आणि तंतूंचे अस्तर असते. कप्प्यांवर आपटून लाटा एकमेकींना मारतात, अस्तरात त्यांची ऊर्जा उष्णतेत बदलते. आतल्या या नळीलाच आपल्याकडे ‘पुंगळी’ म्हणतात. ‘पुंगळी काढलेली गाडी’ म्हणजे ही सगळी व्यवस्था काढून टाकलेली गाडी.

दुसरे काम कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचे. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ लेप असलेली ही जाळी साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला कामाला लागते आणि कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड यांचे रूपांतर कमी घातक वायूंमध्ये करते. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकात मोटारसायकलीला किलोमीटरमागे केवळ ६० मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडची मुभा आहे. कॅटॅलिस्टशिवाय पेट्रोलच्या गाडीला ही मर्यादा गाठणे जवळपास अशक्य आहे. नळीत बसवलेला ऑक्सिजन सेन्सर धुरात किती प्राणवायू उरला ते सांगतो आणि त्यानुसार इसीयू, म्हणजे गाडीचा संगणक, पेट्रोलचे प्रमाण ठरवतो. म्हणजेच सायलेन्सर हा इंजिनाला मागून लावलेला डबा नाही. तो इंजिनाच्या नियंत्रणाचाच एक भाग आहे.

आफ्टरमार्केट एक्झॉस्टचे प्रकार कोणते?

मुख्यतः दोन. ‘स्लिप-ऑन’मध्ये शेवटचा डबा तेवढा बदलला जातो. ‘फुल सिस्टीम’मध्ये इंजिनाच्या तोंडापासूनची सगळी नळी बदलते. फरक महत्त्वाचा आहे. बीएस-६ काळातील अनेक गाड्यांत कॅटॅलिस्ट इंजिनाखालच्या पेटीत असतो. तिथे स्लिप-ऑन बसवला तर कॅटॅलिस्ट जागेवर राहतो आणि मुख्यतः आवाज बदलतो. फुल सिस्टीममध्ये मात्र तो बहुधा निघून जातो. काही डब्यांच्या तोंडात ‘डीबी किलर’ नावाची काढता येणारी नळी असते. ती बसवली की आवाज आटोक्यात, काढली की मोकाट.

किमती काही हजारांपासून लाखाच्या घरापर्यंत जातात. स्लोव्हेनियातील अक्रापोविचसारख्या कंपन्यांची नावे शर्यतींमुळे प्रसिद्ध आहेत, आणि म्हणूनच त्यांच्या नावाची पट्टी चिकटवलेला, पण त्या कंपनीशी काडीचा संबंध नसलेला मालही बाजारात भरपूर आहे. गाडीच्या मूळ गावावरून तासभर वाद घालणारा मालक सायलेन्सरचे मूळ मात्र अनेकदा विचारतच नाही. अनेक अस्सल एक्झॉस्टवरही ‘केवळ ट्रॅकवरील वापरासाठी’ असे स्पष्ट लिहिलेले असते. युरोपातला ‘ई’ हा मान्यतेचा शिक्का असला, तरी तो तिथल्या नियमांपुरता. भारतातील रस्त्यावर तो परवाना ठरत नाही.

आवाज वाढला की ताकद वाढते का?

हा सर्वात रुजलेला समज आहे. शर्यतीच्या गाडीला मोकळा एक्झॉस्ट असतो हे खरे, पण तिथे नळीची लांबी, व्यास, कॅमशाफ्ट आणि पेट्रोलचा नकाशा हे सगळे एकमेकांशी जुळवलेले असते. नळीतून परत येणारी दाबाची लाट योग्य क्षणी व्हॉल्व्हपाशी पोहोचली तर जुना वायू ओढला जातो आणि नवे मिश्रण नीट आत येते. ही जुळणी ठरावीक फेऱ्यांसाठी केलेली असते. नुसता डबा बदलला तर वरच्या फेऱ्यांत किंचित फायदा आणि खालच्या फेऱ्यांत, म्हणजे शहरात जिथे गाडी सर्वाधिक चालते तिथे, ओढ कमी झाल्याचा अनुभव येऊ शकतो. वजन कमी होणे हा स्लिप-ऑनचा खरा आणि मोजता येणारा फायदा.

दुसरा समज आवाजाच्या ‘सुरा’चा. एका सिलिंडरच्या गाडीला चार सिलिंडरच्या सुपरबाइकचा डबा बसवला म्हणून तसा आवाज निघत नाही. मिनिटाला १२ हजार फेऱ्या मारणारे चार सिलिंडरचे इंजिन सेकंदाला ४०० वेळा वायू फेकते, म्हणून ते किंचाळते. एका सिलिंडरचे इंजिन ५०-६० वेळा फेकत असते, म्हणून ते धडधडते. सूर इंजिन ठरवते, डबा फक्त तो मोठा किंवा लहान करतो.

आणि ‘फटाके’? थ्रॉटल सोडल्यावर नळीत उरलेले न जळलेले पेट्रोल गरम नळीतच पेटते, तोच तो फट्-फट् आवाज. बुलेटवाल्यांचा प्रकार याहून सोपा आहे. चालत्या गाडीचे प्रज्वलन क्षणभर बंद करायचे, पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊ द्यायचे आणि पुन्हा चालू करायचे. यात ताकद वाढत नाही, पेट्रोल वाया जाते आणि कॅटॅलिस्ट असलेल्या गाडीत तो जळून निकामी होण्याची भीती असते.

आवाजाची मर्यादा किती?

पर्यावरण संरक्षण नियमांनुसार नव्या मोटारसायकलीसाठी मर्यादा इंजिनाप्रमाणे ठरते. ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, ८० ते १७५ सीसीसाठी ७७ आणि १७५ सीसीच्या वर ८० डेसिबल. चाचणीत गाडी पूर्ण थ्रॉटलवर मायक्रोफोनसमोरून नेली जाते आणि मायक्रोफोन तिच्या मार्गापासून साडेसात मीटरवर असतो. देशातील अशा मान्यतेच्या चाचण्या करणारी प्रमुख संस्था, ‘एआरएआय’, पुण्यातच कोथरूडला आहे आणि तिचे एक केंद्र चाकणला आहे. म्हणजे गाडी बनते चाकणला, आवाजही पुण्यातच मोजला जातो आणि पुंगळीही इथल्याच गल्लीत निघते.

डेसिबलचे गणित फसवे असते. ८० पेक्षा ९० ‘थोडे जास्त’ वाटते, पण ध्वनीची ऊर्जा दसपट झालेली असते. कानाला तो आवाज साधारण दुप्पट वाटतो. अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेत आवाज सहा डेसिबलने उतरतो. या हिशेबाने साडेसात मीटरवर ८० डेसिबल असलेली गाडी ५५ डेसिबलवर यायला सुमारे १३० मीटर लागतात. तीच गाडी ९५ डेसिबलवर गेली तर सुमारे ७५० मीटर. प्रत्यक्षात इमारती आवाज अडवतात आणि परतवतातही, त्यामुळे हे कागदावरचे गणित आहे. पण एक गाडी किती घरांपर्यंत पोहोचते याचा अंदाज त्यातून येतो.

५५ हाच आकडा का? ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा सरासरी ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. औद्योगिक भागात ती ७५ आणि ७०, तर शांतता क्षेत्रात ५० आणि ४०.

कायदा काय सांगतो?

दुचाकीस्वारांचा नेहमीचा युक्तिवाद असतो, की ‘आरसीवर सायलेन्सरचा उल्लेखच नाही, मग बदलला तर बिघडले कुठे?’ हा युक्तिवाद मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर बेतलेला आहे. आरसीवरील तपशील आणि निर्मात्याने मुळात दिलेला तपशील यात तफावत पडेल असा बदल करू नये, असे हे कलम म्हणते. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत, असे स्पष्ट केले.

पण सायलेन्सरच्या बाबतीत पोलिसांना कलम ५२ पर्यंत जावेच लागत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२० नुसार, बाहेर पडणाऱ्या वायूचा आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर प्रत्येक वाहनाला असलाच पाहिजे. त्यापुढे दंडाची तीन कलमे लागू होऊ शकतात.

पहिले, कलम १९०(२). आवाज आणि हवेच्या प्रदूषणाची मानके मोडणारे वाहन चालवल्यास पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिन्यांसाठी वाहन परवान्यावर अपात्रता. दुसरे, कलम १९४ एफ. सायलेन्सरला बगल देऊन वायू बाहेर सोडणारा ‘कट-आउट’ वापरल्यास पहिल्यांदा एक हजार, नंतर दोन हजार रुपये दंड. तिसरे, २०१९च्या दुरुस्तीत आलेले कलम १८२ ए(४). परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही. तडजोडीने जागेवर भरायची रक्कम राज्य सरकार ठरवते. त्यामुळे हातात पडणारे चलन कायद्यातील कमाल रकमेपेक्षा कमी असते आणि अनेकांचा धाक तिथेच संपतो.

२०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनऊ खंडपीठाने बदललेल्या सायलेन्सरच्या आवाजाची स्वतःहून दखल घेतली होती.

पीयूसी असेल तर चालते का?

नाही. पेट्रोल दुचाकीच्या पीयूसी तपासणीत गाडी उभी असताना धुरातील कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजले जातात. आवाज मोजला जात नाही, नायट्रोजन ऑक्साइडही नाही. त्यामुळे ‘पीयूसी पास आहे’ हे आवाजाबद्दलच्या कारवाईवरचे उत्तर होऊ शकत नाही. एप्रिल २०२५ पासून दुचाकींना लागू झालेल्या ओबीडी-२ बी टप्प्यात तर कॅटॅलिस्टवर गाडी स्वतःच लक्ष ठेवते. तो काढला की डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा पेटू शकतो.

रस्त्यावर कारवाई कशी होते?

१५ ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र पोलिस आयुक्तालय आहे आणि चाकणही त्याच्याच हद्दीत येते. मोकळ्या मैदानात साडेसात मीटरवर मायक्रोफोन लावून पूर्ण थ्रॉटलची चाचणी भर चौकात करता येत नाही, हे उघड आहे. त्यामुळे रस्त्यावरची कारवाई बहुधा नजरेवर आणि कानावर चालते : सायलेन्सर कंपनीचा आहे की नाही आणि आवाज कर्णकर्कश आहे का. राज्यातील अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रे प्रसिद्ध झाली आहेत.

या पद्धतीची एक मर्यादा आहे. डीबी किलर बसवलेला, तुलनेने सौम्य स्लिप-ऑन आणि पुंगळी काढलेली बुलेट या दोघांना एकाच मापाने मोजले जाते, असा दुचाकीप्रेमींचा आक्षेप असतो. त्यात तथ्य आहे. पण आक्षेप मोजमापाच्या पद्धतीवर आहे, मर्यादेवर नाही. आणि मान्यता नसलेला भाग कमी वाजतो म्हणून तो मान्य होत नाही.

वॉरंटी आणि विम्याचे काय?

बदललेल्या भागामुळे बिघाड झाला, असे कंपनीला दाखवता आले तर त्या बिघाडाची वॉरंटी नाकारली जाऊ शकते. इंजिन, सेन्सर आणि इसीयू हे सगळे एक्झॉस्टशी जोडलेले असल्याने इथे वादाला जागा मोठी असते. विम्याच्या बाबतीत गाडीत केलेला बदल कंपनीला कळवणे अपेक्षित असते. न कळवलेला बदल अपघाताच्या दाव्यात अडचणीचा ठरू शकतो. त्यामुळे एक्झॉस्ट घेण्याआधी दोन्ही कंपन्यांकडून लेखी उत्तर मागणे शहाणपणाचे. मूळ सायलेन्सर तर कधीच विकू नये. गाडी विकताना किंवा परत मूळ स्थितीत आणताना तोच लागतो आणि नवा घ्यायचा तर किंमत चटका लावते.

ज्यांना मोकळ्या एक्झॉस्टचीच हौस आहे, त्यांच्यासाठी ट्रॅक-डे हा मार्ग आहे. बंदिस्त ट्रॅकवर, गाडी वाहनावर लादून नेऊन, हवा तो डबा लावता येतो. ‘केवळ ट्रॅकसाठी’ या शब्दांचा अर्थ तोच.

यात नेमके नुकसान कुणाचे?

पिंपरी-चिंचवड-चाकण पट्टा तीन पाळ्यांत चालतो. भोसरी, चिखली, तळवडे, खराबवाडी, महाळुंगे या भागांत रात्रपाळी करून सकाळी घरी आलेली माणसे दिवसा झोपतात. ध्वनिप्रदूषणाचा नियम ‘रात्र’ म्हणजे १० ते ६ धरतो. सकाळी ११ वाजता झोपलेल्या कामगाराच्या वाट्याला दिवसाचीच, म्हणजे दहा डेसिबलने सैल मर्यादा येते. त्याच्या खोलीखालून पुंगळी काढलेली गाडी गेली तर तक्रार नोंदवायलाही त्याला आधी उठावे लागते.

त्यातले काही जण याच मोटारसायकलींच्या लाइनवर काम करतात. एक्झॉस्टचे बोल्ट ठरलेल्या जोराने आवळणे आणि गाडी तपासणीतून पास करून पुढे पाठवणे ही त्यांच्या पाळीतली कामे. गाडी ऑस्ट्रियन म्हणायची की चाकणची, हा वाद टपरीवर चालूच राहील. पण रात्रपाळीत ८० डेसिबलच्या आत बसवून बाहेर काढलेली गाडी दुसऱ्या दिवशी त्याच कामगाराची झोप मोडत असेल, तर ती कुठे बनली यापेक्षा ती विकत घेतल्यावर तिचे काय केले, हा प्रश्न मोठा ठरतो.